पिसांच्या माशीला ट्राउट का भुलतो?

प्रश्न : सप्टेंबरच्या शेवटी आम्ही हिमाचलमध्ये तीर्थन नदीच्या काठी राहिलो होतो. एक गृहस्थ मांडीपर्यंत पाण्यात उभे राहून लांब काठीनं दोर हवेत मागेपुढे फिरवत होते. गळाला गांडूळ नाही, शिसं नाही, नुसती पिसं बांधलेली. बऱ्याच वेळानं मासा लागला, तर तो त्यांनी सोडून दिला! आमच्याकडे वाशिष्ठीवर गरवणारे असं काही करत नाहीत. दोर हवेत का फिरवायचा? पिसाला मासा कसा फसतो? सोडायचाच तर पकडायचा कशाला? आणि आमच्या होम-स्टेच्या मालकीणबाई म्हणाल्या की याच दिवसांत ट्राउट चांगला लागतो, तो का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : तुम्ही पाहिलं ते फ्लाय फिशिंग. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकाच गोष्टीत आहे : नदीतला ट्राउट मुख्यतः किड्यांवर जगतो. दगडांखाली वाढणारे, पुढे पंख फुटून पाण्याबाहेर पडणारे हे कीटक इतके नाजूक असतात की ते गळाला ओवायला गेलं तर बोटांतच चिरडतात. म्हणून गळालाच पिसं, लोकर, केस गुंडाळून किड्याची नक्कल, म्हणजेच ‘माशी’, बनवायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची, अशी युक्ती माणसानं शोधली. ती फार जुनी आहे. इसवी सन २००च्या सुमारास इलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन केलं आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावत. तीर्थनवरच्या गृहस्थांच्या हातातली माशी याहून फार वेगळी नसणार.

आता दोर. कोकणात गरवताना गरीबरोबर शिसं असतं. फेकल्यावर शिसं पुढे जातं आणि दोर त्याच्यामागे ओढला जातो. पिसांच्या माशीला वजनच नाही. ती हातानं फेकून बघा, वीतभर अंतरावर पडेल. म्हणून इथे उलटी व्यवस्था असते : वजन दोरात घातलेलं असतं. तुम्हाला दिसला तो जाडसर, बहुधा पिवळा किंवा पोपटी दोर प्लॅस्टिकचा लेप दिलेला असतो. ट्राउटसाठी सर्रास वापरतात त्या ५ नंबरच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ठरलेलं आहे, सुमारे ९ ग्रॅम. फेकायचे ते हे ९ ग्रॅम. माशी केवळ त्यांच्या मागोमाग जाते.

पण हे वजन ३० फुटांवर पसरलेलं आहे. ते फेकायचं तर दोर आधी मागे पूर्ण सरळ व्हावा लागतो. काठी मागे नेऊन एकदम थांबवली की दोर डोक्यावरून मागे जातो, उलगडतो आणि ताणला गेला की काठी वाकवतो. तीच वाकलेली काठी पुढे आणून पुन्हा एकदम थांबवली की तिच्यात साठलेला जोर दोरात उतरतो. दोराचा एक वळसा तयार होतो आणि तो पुढे पुढे उलगडत जातो. गाडीवानाच्या आसुडाचं तत्त्व हेच आहे. मुठीकडे जाड, शेंड्याकडे बारीक. जोर जसजसा बारीक भागात शिरतो तसतसा वेग टिकून राहतो. फरक एवढाच की आसूड वाजायला हवा आणि हा दोर मुळीच वाजता कामा नये. मागे पुरता उलगडण्याआधी घाईनं पुढे ओढला तर तोही फटकन वाजतो आणि टोकाची माशी तुटून जाते. जाड दोराच्या पुढे सुमारे ९ फुटांचा पारदर्शक, निमुळता होत गेलेला नायलॉनचा धागा असतो. शेवटी त्याची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकीच उरते. तिथवर येईतो हवेनं दोराचा उरलासुरला जोर खाऊन टाकलेला असतो आणि माशी स्वतःच्या हलकेपणानं खाली येते.

मग एकाच फेकीत काम भागत असताना ते गृहस्थ दोर पुन्हा पुन्हा का फिरवत होते? त्याची तीन कारणं असू शकतात. अंतराचा अंदाज घेत दोर थोडा थोडा सोडत जायचं, दिशा बदलायची, आणि तरंगणाऱ्या माशीतलं पाणी झटकून ती कोरडी करायची. जाणता माणूस हे कमीत कमी वेळा करतो. दोराची सावली पाण्यावर फिरली की मासा बुजतो, आणि माशी हवेत असेपर्यंत मासा लागायचा प्रश्नच नाही. मागे झाडं असतील तर दोर मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे टाकायचीही एक पद्धत आहे. तीर्थनचे काठ दाट झाडीचे आहेत, तिथे तिच्यावाचून चालत नाही.

पिसाला मासा कसा फसतो, हा तुमचा सगळ्यांत चांगला प्रश्न. त्यासाठी थोडं माशाच्या डोळ्यांनी पाहायला हवं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या दगडाच्या आडोशाला किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकाला भिडतं त्या रेषेवर थांबतो. तिथे पोहायचे कष्ट कमी आणि शेजारच्या धारेतून वाहत येणारं अन्न भरपूर. पाण्यातून वर पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे बाहेरचं सगळं जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश असतो. मासा १ फूट खोल असेल तर तिचा व्यास सव्वादोन फूट, २ फूट खोल असेल तर साडेचार फूट. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब असतं. पाण्याच्या पातळीला लागून असलेल्या वस्तू खिडकीच्या कडेला इतक्या दबतात की जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून जाणते लोक वाकून, माशाच्या मागच्या बाजूनं, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगानं येतात आणि वरच्या दिशेला माशी टाकतात.

आता त्या खिडकीच्या कडेला एक ठिपका येतो. सहा बारीक पाय पाण्यावर टेकल्यानं पडलेल्या खळग्या, वर पंखांचा धूसर आकार. निर्णय घ्यायला ट्राउटकडे क्षणभराचाच अवधी असतो; सोडलं तर अन्न वाहून जाणार, धरलं आणि नुसतं पान निघालं तर थुंकून टाकता येतं. नदीत हात नसलेल्या प्राण्याला वस्तू पारखायला तोंडच वापरावं लागतं. त्याच्या या सवयीवर सगळा डाव उभा आहे.

ही पारख चुकवायला हुबेहूब किडा लागतो, असं नवख्यांना वाटतं. अनुभव वेगळं सांगतो. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी फेजंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्याच साहित्यातून एक माशी बांधली. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत. पण आकार, रंगछटा आणि बुडण्याची रीत किड्याच्या पाण्याखालच्या पिल्लाशी जुळते, आणि आज जगभरच्या ट्राउटच्या नद्यांवर ती वापरली जाते. उलट, हुबेहूब माशीसुद्धा प्रवाहापेक्षा थोडी हळू किंवा थोडी जलद सरकली की ट्राउट तोंड फिरवतो. नदीत काठाचा, मधला, दगडामागचा असे वेगवेगळ्या वेगाचे प्रवाह असतात. दोर एका प्रवाहात, माशी दुसऱ्यात. दोर तिला ओढतो आणि तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उमटते. खरा किडा अशी रेघ ओढत नाही. त्यामुळे दोर पाण्यावर पडताक्षणी तो उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतात आणि माशीला काही सेकंद मोकळं वाहू देतात. दुरून पाहणाऱ्याचं लक्ष हवेतल्या दोराकडे जातं, पण माझ्या मते या विद्येचा खरा कस या काही सेकंदांतच लागतो.

माशी पाण्यावर तरंगवावी की पाण्याखाली सोडावी, यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या अनुयायांनी हीच एक सभ्य पद्धत असल्याचा आग्रह धरला. इचेन नदीवर मासेमारी करणारे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी पकडलेल्या माशांच्या पोटात काय आहे ते पाहिलं आणि बहुतेक अन्न पाण्याखालचं असल्याचं दाखवून दिलं. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर रीतसर वादसभा भरली होती. निसर्गानं कौल स्क्यूज यांच्या बाजूनं दिला आहे. मेफ्लाय नावाचा किडाच पाहा. त्याचं पिल्लू तळाच्या दगडांवर कित्येक महिने, काही जातींत वर्षभराहून अधिक काळ वाढतं. मग ते वर येतं, पाण्याच्या कातडीवर अंग सोडवून पंख पसरतं, आणि पंख फुटल्यानंतर आणखी एकदा कात टाकतं. पंख आल्यावर कात टाकणारा आज जिवंत असलेल्या कीटकांत हा एकच. प्रौढ मेफ्लायला खाण्याजोगं तोंड नसतं. काही तास ते फार तर काही दिवस जगून, मीलन करून, अंडी पाण्यात सोडून तो मरतो. म्हणजे माशाच्या दृष्टीनं हा किडा जन्मभर पाण्याखाली असतो आणि पृष्ठभागावर येतो तो अगदी थोडा वेळ. पण तो थोडा वेळ, जेव्हा शेकडो किडे एकदम वर येतात आणि पाण्यावर ट्राउटच्या तोंडांची वर्तुळं उठू लागतात, पाहण्यासारखा असतो यात शंका नाही.

पुढच्या खेपेला तीर्थनवर गेलात तर उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून खालची बाजू पाहा. चपटी, शेपटीला दोन-तीन तंतू असलेली पिल्लं इकडेतिकडे पळतील. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळकांडी दिसतील, ती कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीची घरं. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा.

मालकीणबाईंचं म्हणणं अगदी खरं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचं आणि वितळत्या बर्फाचं पाणी एकत्र येऊन हिमाचलच्या नद्या गढूळ आणि फोफावलेल्या असतात. गढूळ पाण्यात ट्राउटला बारीक किडा दिसत नाही आणि माणसाला पाय टेकायला जागा मिळत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस माघारी फिरतो, रात्री थंड झाल्यानं वरचं बर्फ वितळणं मंदावतं, पाणी उतरतं आणि निवळतं. त्यात तपमानाची भर पडते. ब्राउन ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. २०च्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, २५च्या आसपास जीव जातो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. शरदाच्या सुरुवातीला नदी त्याच्या सोयीच्या पट्ट्यात येते.

त्यातून ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ पुढ्यात असतो. तो हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. मादी शेपटीनं खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, वर पुन्हा खडी लोटते. त्याआधी शरीर भरून घ्यायचं म्हणून हे आठवडे तो जोमानं खातो. नराचा रंग गडद होतो, खालचा जबडा आकड्यासारखा वळतो. काठाच्या गवतातले नाकतोडे आणि मुंग्या पाण्यात पडतात, तेही त्याला चालतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बरी; शरदात मात्र ऊन चढल्यावर, अकरा ते तीनच्या दरम्यान किडे बाहेर येतात आणि मासाही तेव्हाच वर येतो. तुम्ही पाहिलेले गृहस्थ दुपारी पाण्यात असतील तर ते वेळ साधून उतरले होते. हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, ती विणीसाठीच. ऑक्टोबरच्या शेवटी उथळ खडीत एखादा स्वच्छ, फिकट, परातीएवढा किंवा त्याहून मोठा भाग दिसला तर त्यावर पाय देऊ नये. तिथे अंडी असतात. १० अंशांच्या पाण्यात ती सुमारे ४० दिवसांनी फुटतात, ५ अंशांत जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. एक बूट पडला तरी त्यातली बरीच अंडी जाऊ शकतात.

राहिला सोडून देण्याचा प्रश्न. त्याचं सरळ उत्तर असं की थंड डोंगरी नदीत अन्न कमी आणि मासा सावकाश वाढतो. येणारा प्रत्येक जण चार मासे नेऊ लागला तर काही वर्षांत मोठा मासा उरत नाही. म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकायचा, मासा लवकर जवळ घ्यायचा, हात ओले करून धरायचा, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढायचा, आणि तो आपण होऊन पोहत जाईपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यायचा. असं केलं तर थंड पाण्यात बहुतेक मासे वाचतात. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात तोच मासा दमछाकीनं मरू शकतो.

तुमच्या प्रश्नात मात्र याहून खोल शंका आहे, आणि ती रास्त आहे. माशाला दुखत नाही का? एडिंबराजवळच्या रॉस्लिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर मासे खाणं टाळत आणि ओठ खडीवर घासत. याला वेदना म्हणावं का यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. स्वित्झर्लंडनं तर सोडून देण्याच्याच हेतूनं मासा पकडायला कायद्यानं मनाई केली आहे : पकडायचा असेल तर खाण्यासाठी पकडा. मला स्वतःला वाटतं की माशाला त्रास होतो असं धरूनच वागावं. एखादा मासा खायला न्यायचा असेल तर नियमात बसेल तो न्यावा आणि थांबावं. सोडायचे असतील तरी दोन-तीन माशांनंतर काठी आवरावी. दिवसभरात वीस मासे पकडून सोडले म्हणून सांगणाऱ्याचं कौतुक मला वाटत नाही.

प्रश्न : महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या थंड पाण्यात ट्राउट सोडता येईल का? पर्यटन वाढेल.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. येत असता तरी सोडू नये असं मी म्हणेन.

ट्राउट मूळचा भारतातला नाही. काश्मीरमध्ये १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी भेट म्हणून पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. तिची निगा राखण्यात श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे फ्रँक मिचेल हे गृहस्थ पुढे होते. काश्मीरमधून १९०९च्या सुमारास जी. सी. एल. हॉवेल या अधिकाऱ्यानं ती कुलूत नेली. बियास आणि तिच्या उपनद्यांतल्या ब्राउन ट्राउटची सुरुवात तिथून आहे. दक्षिणेत निलगिरीवर १८६०च्या दशकातले प्रयत्न फसले, आणि रेनबो ट्राउट रुजला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. निलगिरीतलं ट्राउटचं पाणी २,००० मीटरच्या आसपास आणि त्याहून वर आहे. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, महाबळेश्वर १,३५० मीटरच्या घरात. सह्याद्रीच्या माथ्यावरचे ओढे एप्रिल-मेमध्ये आटतात किंवा डबक्यांपुरते उरतात आणि ते पाणी तापतं. ट्राउट एक उन्हाळाही काढणार नाही. किड्यांची मात्र आपल्याकडे वाण नाही. मेफ्लायची पिल्लं सह्याद्रीच्या ओढ्यांतही भरपूर आहेत.

सोडू नये असं का म्हणतो? निसर्गरक्षणासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या तज्ज्ञांनी जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आगंतुक जातींची यादी केली आहे. त्यात ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत. मोठा ब्राउन ट्राउट लहान मासे खातो. हिमालयात त्याच पाण्यात असेला नावाचा इथला मूळ मासा राहतो, त्याची संख्या घटते आहे, आणि त्यामागच्या कारणांत या पाहुण्याचंही नाव घेतलं जातं. शंभरावर वर्षं राहिलेला ट्राउट आता तिथून काढता येणार नाही आणि त्यावर तीर्थन खोऱ्यातल्या कित्येक घरांची चूल पेटते, हेही खरं. पण नव्या नदीत तो जाणूनबुजून सोडायचं समर्थन होऊ शकत नाही.

फ्लाय फिशिंगची काठी महाराष्ट्रात आणायचीच असेल तर आपला मासा आहे. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं, तो आपला खडस. तोही पिसांच्या माशीला लागतो आणि वजनाच्या मानानं ट्राउटपेक्षा जबर ओढतो. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीनं त्याची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम १९७०च्या दशकापासून केलं आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून हे मासे लोक राखतात, त्यांना चुरमुरे घालतात, तिथे गळ टाकायचा विचारही कोणी करत नाही. इतर ठिकाणी आधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे परवानगीची चौकशी करा, उलटा काटा दाबलेलाच गळ वापरा, आणि पावसाळ्यात काठी घरी ठेवा, कारण खडस तेव्हा अंडी घालायला प्रवाहाच्या वर चढत असतो.